खाडा

रक्त फिकं झालं, कोकम धुतलेल्या पाण्याएवढं,
तेव्हा मला वाटलं, संपलं एकदाचं.
फरशीवरची जुनी चादर उचलून भिजत घातली
आणि मागच्या दाराची कडी
नुसतीच टेकवली.

बारा दिवस दोन घरं केली होती
ऐरोलीतल्या या एवढ्याशा रो-हाउसची.
मोगरी आत, खंडू बाहेर पोर्चमध्ये.
तो रडायचा, दार खरवडायचा,
मी म्हणायचे, आईशिवाय करमत नाही लेकराला.
नऊ महिन्यांचा. पिल्लूच तर अजून.

या दोन चुका.
तिसरी, टाकीचं पाणी बघायला वर गेले ती.

खाली आले तर दोघं तुळशीपाशी
पाठीला पाठ लावून उभी,
दोन दिशांना बघत,
दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या
अनोळखी माणसांसारखी.

पेडणेकर वहिनी भिंतीवरून ओरडल्या,
"पाणी ओता! काठी आणा!
शी, आई आहे हो ती त्याची!"

मी पाणी ओतलं नाही.
ओढलं की फाटतं, एवढं तरी ठाऊक होतं.
दोघांच्या मध्ये खाली बसले,
एक हात तिच्या मानेवर, एक त्याच्या,
आणि अठरा मिनिटं
आम्हा तिघांत कुणी काही बोललं नाही.

नाती आपण लावलेली.
दूध तुटल्यापासून तिच्या लेखी तो एक कुत्रा.
लाज जी काय होती
ती कडीच्या या बाजूला होती.

दिनदर्शिकेवर, दूधवाल्याच्या खाड्यांच्या शेजारी,
त्या मंगळवारी एक फुली मारली.

संध्याकाळी हर्षल तांडेल आला,
दिव्याहून ओले बोंबील घेऊन.
"काकी, होऊ द्या की पिल्लं. रंग बघा दोघांचा.
बापाचं नाव दुसरं टाकू, कागद होतात.
नगाला बारा हजार, खोपोलीची पार्टी आहे."
चहावर साय धरेपर्यंत मी गप्प.
मग म्हटलं, कुणीतरी नाव ठेवेल रे त्याचं,
आणि दोन वर्षांनी मागचे पाय उचलेनात,
तेव्हा तुझा फोन लागेल का?
तो हसला.
बोंबील मात्र ठेवून गेला.

डॉक्टर आरिफा परकार रागावल्या नाहीत,
ते जास्त लागलं.
तारीख विचारली, मी दिनदर्शिकाच पुढे केली,
भिंतीवरून काढून पिशवीत घालून नेलेली.
"होऊ दिली तर सगळीच वाईट निघतील असं नाही," म्हणाल्या.
"पण खात्री मी देणार नाही,
आणि कुणाला देताना तुम्ही गप्प बसू शकणार नाही."
इंजेक्शनांचं सांगितलं, त्यांचे धोकेही.
"पिशवीच काढू. माज पुरता उतरू दे,
तीन आठवड्यांनी आणा. खंडूला उद्याच.
आणि तोवर..."
मी म्हटलं, कडी.

तीन आठवड्यांत मोगरीनं दोनदा भाकरी नाकारली.
एकदा माझ्या मांडीवर हनुवटी टेकून
इतकी गाढ झोपली
की पायाला मुंग्या आल्या तरी मी हलले नाही.

किती होती, हे विचारायचं नाही,
असं मी रिक्षातच ठरवलं होतं.
डॉक्टर हात धूत होत्या.
विचारलंच.
"सहा," त्या म्हणाल्या, नळ बंद न करता.

आता दोघं पुन्हा एकाच गोणपाटावर झोपतात.
त्यानं तिचे टाके हुंगले,
औषधाच्या वासानं शिंकला,
कूस बदलून पडला.
मी अजून रात्री उठून कडी बघते.
काही कारण नाही.

महिनाअखेरीला दूधवाला हिशेबाला आला,
फुल्या मोजल्या, एक खाडा जास्त भरला.
त्या मंगळवारचे पैसे मी
वेगळे काढून त्याच्या हातावर ठेवले.
म्हटलं, त्या दिवशी दूध आलं होतं.